चौकातला दिवा कोण सांभाळतो?

आपण गावाकडची माणसे. कधी बाजाराला, कधी दवाखान्याला, कधी कोर्टाच्या तारखेला, तर कधी शहरात नोकरीला असलेल्या मुलाकडे जातो. एस. टी.तून उतरून बाहेर आलो की समोर मोठा चौक. चारी बाजूंनी गाड्या येताहेत, जाताहेत. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लेकराचा हात. पलीकडे तर जायचे आहे. जायचे कसे?

चौकात एक खांब असतो. त्याला तीन दिवे असतात. लोक त्याला सिग्नल म्हणतात. खाली डांबरावर पांढरे पट्टे ओढलेले असतात. पायी चालणाऱ्याने रस्ता ओलांडायची ती जागा. झेब्रा नावाचा एक प्राणी आहे. त्याच्या अंगावर असेच काळे-पांढरे पट्टे असतात. म्हणून या जागेला झेब्रा पट्टे म्हणतात.

दिवा लागलेला असला आणि पट्टे ठसठशीत असले, की गाडीवाल्याला कळते, इथे थांबायचे. आपल्यालाही कळते, इथूनच जायचे. पण दिवाच बंद असला तर? पट्टे पुसून गेले असले तर? मग ज्याची गाडी मोठी त्याची वाट, असे होते. पायी चालणाऱ्याची गाडी कोणती? त्याचे दोन पाय!

एक आकडा सांगतो. नीट वाचा. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ माणसे पायी चालणारी होती. म्हणजे रोज सरासरी ९० माणसे. घरून चालत निघाली आणि परत आलीच नाहीत. ही सगळी काही चौकात गेली नाहीत. पण रस्ता ओलांडायची जागा नीट असली, तर कितीतरी जीव वाचतील, यात शंका नाही.

म्हणून हे दिवे आणि पट्टे कोण सांभाळतो, त्याला पैसा कोण देतो, आणि ते बिघडले तर सांगायचे कोणाला, ते आम्ही या धड्यात सांगणार आहोत.

रस्त्यावरचा पाटकरी

कॅनॉलच्या पाण्याची पाळी तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांनी एकदम दारे फोडली तर भांडणे होतील आणि पाणी कोणालाच धड मिळणार नाही. म्हणून पाटकरी पाळी लावून देतो. आज तुझी, उद्या त्याची.

सिग्नल म्हणजे रस्त्यावरचा पाटकरीच. लाल दिवा म्हणजे थांबा, पाळी दुसऱ्याची आहे. हिरवा म्हणजे चला, पाळी तुमची. मधला पिवळा म्हणजे पाळी संपत आली, आता थांबायची तयारी करा. लाल दिवा नेहमी वर असतो आणि हिरवा खाली. हे का? तर काही माणसांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही. त्यांना जागेवरून कळावे म्हणून.

पायी चालणाऱ्यासाठी वेगळा लहान दिवा असतो. त्यात माणसाचे चित्र असते. लाल माणूस उभा असतो, तेव्हा आपण उभे राहायचे. हिरवा माणूस चालत असतो, तेव्हा आपण चालायचे. अक्षर न येणाऱ्यालाही हे वाचता येते. मुंबईत २०२० साली दादर-माहीम भागात महानगरपालिकेने या दिव्यांत बाईचे चित्र बसवले. रस्ता काय फक्त पुरुषच ओलांडतात? बायाही ओलांडतातच की!

पहिला दिवा कसा फुटला

रस्त्यावरचा पहिला सिग्नल १८६८ साली लंडन शहरात लागला. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. तो गॅसवर जळे, आणि एक पोलीस हाताने तो फिरवी. पण महिनाभरातच, १८६९ च्या जानेवारीत, गॅस गळून त्याचा स्फोट झाला. दिवा फिरवणारा पोलीस भाजला. पुढे १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात विजेचा सिग्नल आला. झेब्रा पट्टे त्या मानाने अलीकडचे. इंग्लंडने १९५१ साली ते कायद्याने सुरू केले.

पहिल्याच दिव्याने माणसांना एक धडा दिला. दिवा लावून भागत नाही, तो राखावा लागतो. विहीर खणून गाळ काढला नाही, तर विहीर बुजते. तसेच हे.

दिवा कोणाचा?

बरेच लोक समजतात की सिग्नल पोलिसांचा. हे अर्धेच खरे आहे. आपल्याकडे मोठ्या शहरांत काम वाटलेले असते. खांब उभा करणे, दिवे बसवणे, तारा टाकणे, दुरुस्ती करणे, विजेचे बिल भरणे, हे काम महानगरपालिकेचे. कोणत्या बाजूला किती वेळ हिरवा दिवा द्यायचा, गर्दीच्या वेळी काय करायचे, हे वाहतूक पोलीस पाहतात. म्हणजे पाट नगरपालिकेने बांधायचा आणि पाळी पोलिसांनी लावायची.

हे काही उपकाराचे काम नव्हे. रस्ते बांधणे, ते नीट ठेवणे आणि त्यांवर दिवाबत्ती करणे हे महानगरपालिकेचे बंधनकारक काम आहे. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका कायद्यात तसे लिहून ठेवले आहे. मुंबईचा कायदा त्याहून जुना, १८८८ सालचा. लहान शहरांच्या नगरपालिकांसाठी १९६५ चा कायदा आहे.

पालिकेच्या कचेरीत खाती असतात. दिव्यांचे काम बहुतेक ठिकाणी विद्युत खात्याकडे असते, पट्ट्यांचे रस्ते खात्याकडे. रोजची दुरुस्ती बहुधा ठेकेदाराकडून करून घेतात. किती वेळात दुरुस्ती करायची आणि उशीर झाला तर किती दंड, हे ठेक्याच्या कागदात लिहिता येते. पण कागद कपाटात आणि दिवा अंधारात, असेही होते. म्हणून नजर ठेवावी लागते.

पट्टे कसे ओढतात?

झेब्रा पट्टा साधारण अर्धा मीटर रुंद असतो. दोन पट्ट्यांत तेवढीच जागा सोडतात. पट्ट्यांच्या अलीकडे एक जाड आडवी रेघ असते. गाडीने त्या रेघेच्या मागे थांबायचे.

हा भिंतीचा साधा रंग नव्हे. डिंकासारखा घट्ट माल असतो. तो भट्टीत जवळजवळ दोनशे अंशांपर्यंत तापवतात. पाणी शंभर अंशांना उकळते, त्यावरून ताप किती ते समजा. पातळ झालेला माल रस्त्यावर ओढतात. तो काही मिनिटांत घट्ट होतो. ओला असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात, अगदी रव्याएवढे. रात्री गाडीचा उजेड या मण्यांवर पडला की तो उलटून ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे जातो आणि पट्टे चमकतात. मांजराचे डोळे अंधारात चमकतात ना, तसे.

पण गाड्यांची चाके रोज घासतात. मणी निघून जातात. पट्टे दिवसा दिसतात, पण रात्री दिसत नाहीत. शेवटी दिवसाही दिसत नाहीत. ओल्या रस्त्याला हा माल धरत नाही, म्हणून पावसाळा सरल्यावरच हे काम चांगले होते.

आणखी एक गोष्ट घडते. रस्त्यावर नवे डांबर पडते आणि जुने पट्टे खाली गाडले जातात. रस्ता झाला म्हणून सगळे खूश होतात. गाड्या आता जास्तच जोरात धावतात, आणि ओलांडायची जागा मात्र नाहीशी झालेली असते. नव्या रस्त्याचे काम पट्टे ओढल्याशिवाय पुरे झाले असे समजू नये.

पंधरा सेकंद की वीस?

हिरवा माणूस किती वेळ दाखवायचा? याचाही हिशोब असतो. चालणारा माणूस एका सेकंदात १.२ मीटर, म्हणजे सुमारे चार फूट जातो, असे इंजिनिअर धरतात. रस्ता १८ मीटर, म्हणजे साठ फूट रुंद असला, तर त्याला १५ सेकंद लागतात.

पण आपल्या म्हातारीचे काय? गुडघे दुखतात, काठी टेकत चालते. ती सेकंदाला तीनच फूट जाते. तिला २० सेकंद लागतात. दिवा १५ सेकंदांचाच असला, तर ती अजून पंधरा फूट अलीकडे असते आणि तिकडे गाड्या सुटतात! शाळा, दवाखाना, देऊळ, बाजार अशा जागी वेळ वाढवून द्यावा लागतो. रस्ता फार रुंद असेल, तर मधोमध सुरक्षित उभे राहायला जागा ठेवावी लागते. वेळ अपुरा पडतो असे दिसले, तर वाहतूक पोलिसांना कळवावे. वेळ बदलता येतो. ती काही दगडावरची रेघ नव्हे.

दिवा का बिघडतो?

चौकाच्या कडेला लोखंडी पेटी असते. सिग्नलची सगळी अक्कल त्या पेटीत. तिथून जमिनीखालून तारा निघतात आणि एकेका खांबाला जातात. पेटीत एक राखणदारही असतो. दोन आडव्या रस्त्यांना चुकून एकदम हिरवा दिवा लागू नये, यावर तो लक्ष ठेवतो. असे काही होऊ लागले, की तो नेहमीचा खेळ थांबवतो आणि पिवळे दिवे उघडमीट करू लागतात. पिवळा दिवा असा मिचकावू लागला, की समजावे, आता पाळी लावणारा कोणी नाही. सगळ्यांनी सावकाश, बघून जायचे.

दिवा बिघडायची कारणे साधीच असतात. कोणी पाण्याच्या नळासाठी रस्ता खणतो आणि कुदळीने तार तुटते. पावसाचे पाणी तारांच्या खड्ड्यात शिरते. ट्रकचा धक्का लागून खांब वाकतो. उंदीर तारा कुरतडतात. झाडाची फांदी वाढते. दिवा चालू असतो, पण फांदीआड असल्यामुळे दिसत नाही. काचेवर धूळ साचते. कधी वीजच जाते. म्हणून काही ठिकाणी बॅटरी ठेवतात, काही ठिकाणी सूर्याच्या उन्हावर चालणारे सिग्नल बसवतात.

पूर्वी आत मोठा बल्ब असे. तो एकदम उडायचा आणि अंधार व्हायचा. आता बारीक बारीक एल.ई.डी. दिव्यांचा पुंजका असतो. त्यातले चार-दोन गेले तरी बाकीचे जळतात, आणि वीजही पुष्कळ कमी लागते.

म्हणजे देखभाल करणाऱ्याचे काम काय? काचा पुसणे, फांद्या छाटणे, तारा तपासणे, वाकलेला खांब सरळ करणे, पेटीत पाणी जात नाही ना ते पाहणे. शेतावर चक्कर मारणाऱ्या शेतकऱ्यासारखी त्याने चक्कर मारली पाहिजे. ज्याचे शेतावर पाऊल नाही, त्याचे पीक राखले जात नाही.

पैसा कोणाचा?

कुणी म्हणेल, “आपल्याला काय करायचंय? सरकारचा दिवा, सरकार बघेल.” पण सरकारचा पैसा आला कुठून? शहरातला माणूस घरपट्टी भरतो. त्यातून पालिकेची तिजोरी भरते. सरकारही अनुदान देते. ते अनुदानही करांतूनच येते. तुम्ही साबणाची वडी घेतली तरी त्यात कर असतो. त्या दिव्यात तुमचाही पैसा जळतो, मग तुम्ही शहरात राहत असा की खेड्यात.

म्हणून दिवा बंद दिसला, तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे. नुसते पोटात ठेवून, “चालायचंच,” असे म्हणू नये.

आपल्या गावातला रस्ता

आता तुम्ही म्हणाल, “आमच्या गावात कुठला आलाय सिग्नल?” खरे आहे. पण कितीतरी गावांच्या मधून मोठा रस्ता जातो. वस्ती एकीकडे, शाळा दुसरीकडे. घर इकडे, शेत तिकडे. पोरे रोज दोनदा तो रस्ता ओलांडतात. तिथे पट्टे नसतात, पाटी नसते, दिवा नसतो. हा प्रश्न शहरातल्या चौकापेक्षा लहान नाही.

अशा वेळी पहिला प्रश्न हा, की रस्ता कोणाचा? ते कळले नाही, तर अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत हिंडत राहतो. ओळखायची एक खूण आहे. रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगड पाहा. त्याचा वरचा भाग पिवळा असेल, तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल, तर राज्य मार्ग. केशरी असेल, तर ग्रामसडक.

राष्ट्रीय महामार्ग केंद्र सरकारचा असतो. त्याचे काम महामार्ग प्राधिकरण किंवा बांधकाम खात्याची महामार्ग शाखा पाहते. प्राधिकरणाच्या महामार्गावरच्या तक्रारीसाठी आणि मदतीसाठी १०३३ हा फोन नंबर आहे. राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतो. गावागावांना जोडणारे लहान रस्ते बहुधा जिल्हा परिषदेकडे असतात. खूण पुसलेली असेल, तर ग्रामपंचायतीत विचारावे.

दुसरी गोष्ट. जोराच्या रस्त्यावर नुसते पट्टे ओढून भागत नाही. गाडी आधी हळू झाली पाहिजे. त्यासाठी लांबून दिसणारी ‘शाळा आहे’ अशी पाटी लागते, चाक खडखडेल अशा आडव्या रेघा लागतात, गतिरोधक लागतो, रात्री उजेड लागतो. फार मोठा रस्ता असेल, तर खालून भुयारी वाट किंवा वरून पूल लागतो. कुठे काय हवे, ते इंजिनिअरने जागा पाहून, गाड्या आणि माणसे मोजून ठरवायचे. आपण त्याला जागेवर बोलवायचे आणि पोरे कुठून ओलांडतात, ते दाखवायचे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. पट्ट्यांवर पायी माणूस असेल, तर गाडी हळू करून त्याला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली एक नवे कलम घातले. सरकारने ठरवलेल्या सुरक्षिततेच्या नियमांप्रमाणे रस्ता बांधला नाही किंवा राखला नाही, आणि त्यामुळे कोणी मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार कचेरीला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अर्ज लिहा

तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. लिहून दिलेले राहते. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. मग ते लिहिणे इथे कामाला लावा. अर्ज फार लांब नको. जागा कोणती, अडचण काय, काय करायला हवे, या तीन गोष्टी पुरेत. नमुना देतो.

दिनांक ..........

मा. उपअभियंता,
सार्वजनिक बांधकाम उपविभाग,
तालुका ..........

विषय : शाळेसमोर रस्ता ओलांडण्याची सोय करण्याबाबत.

महोदय,
आमच्या .......... गावातून .......... हा राज्य मार्ग जातो. शाळा रस्त्याच्या पलीकडे आहे. रोज .......... मुले रस्ता ओलांडतात. पूर्वीचे पांढरे पट्टे पुसले आहेत. रात्री उजेड नाही. तरी आपण जागा पाहावी आणि पट्टे, पाटी व गतिरोधक यांची सोय करावी, ही विनंती. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल जोडली आहे.

आपले,
(सह्या)

अर्जाच्या दोन प्रती करा. एक कचेरीत द्या. दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. तिला पोच म्हणतात. पोच जपून ठेवा. ती म्हणजे तुमचा पुरावा. एकट्याच्या सहीपेक्षा पन्नास सह्या बऱ्या, आणि ग्रामसभेचा ठराव त्याहून बरा. बायांच्या सह्या जरूर घ्या. पोरांना शाळेत सोडायला बहुतेक त्याच जातात.

दिवस गेले आणि उत्तर आले नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. दहा रुपये फी भरून विचारा, “आमच्या अर्जाचे काय झाले?” दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ती फीही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

शहरात दिवा बंद दिसला, तर तेही सांगा. चौकातल्या पोलिसाला सांगा, नाहीतर पालिकेला कळवा. मोठ्या शहरांत काही सिग्नल नियंत्रण कक्षाला जोडलेले असतात. तिथे बसल्या जागी बिघाड कळतो. पण फांदीआड गेलेला दिवा आणि पुसलेला पट्टा कोणत्याही यंत्राला सहज दिसत नाही. तो चालणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतो.

एवढे लक्षात ठेवा

१. लाल माणूस दिसला की उभे राहा. हिरवा दिसला तरी दोन्हीकडे बघूनच पाऊल टाका.
२. रस्ता पट्ट्यांवरूनच ओलांडा. लहान पोराचा हात सोडू नका.
३. अर्ध्या रस्त्यात दिवा बदलला, तर घाबरून मागे पळू नका. गाड्यांकडे बघत जवळच्या कडेला किंवा मधल्या दुभाजकावर या.
४. दिवा राखणे पालिकेचे काम, वेळ लावणे पोलिसांचे काम, आणि बिघाड कळवणे आपले काम.
५. गावातला रस्ता कोणाचा, ते आधी शोधा. मग अर्ज लिहा आणि पोच घ्या.

करून पाहा

आपल्या गावाजवळचा मैलाचा दगड बघून या. त्याचा रंग कोणता? त्यावर काय लिहिले आहे, ते वाचा. मग शाळेसमोर उभे राहून मुले रस्ता कुठून ओलांडतात ते पाहा आणि पाच ओळींत लिहा. त्या पाच ओळी चार जणांना वाचून दाखवा. त्यांचाच पुढे अर्ज होईल.